मूळचे कुठले?

आमच्या मामंजींना एक प्रश्न जडला होता. दुसऱ्या कुणाला दमा जडतो, तसा. समोर नवा माणूस दिसला की ते चष्मा पुसत आणि विचारत, "आपण मूळचे कुठले?" उत्तर दिलं की त्या माणसाची सुटका नव्हती. मग तालुका, मग वडील काय करतात, मग आजोळ, मग आजोळी आता कोण आहे. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस आमच्याकडे चहा पिऊन, चुलत्याशी चाललेल्या भांडणाची हकीकत सांगून जायचा आणि खाली त्याची गाडी खोळंबून राहायची. रद्दीवाल्याने तर आमचा जिना चढणंच सोडलं. मामंजी म्हणजे श्यामसुंदर गोगटे, माझे सासरे. जन्मभर शाळा तपासण्याची नोकरी केली. निवृत्त झाल्यावर शाळा सुटल्या, तपासणी सुटली नाही.

आम्ही दादरची खोली सोडून वाशीला सिडकोच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा माझी समजूत अशी की, इथे ओसाडच आहे, माणसंच नाहीत, विचारणार कोणाला. झालं उलटंच. नव्या वसाहतीत जो तो कुठून तरी आलेला. कोणी साताऱ्याचा, कोणी मालवणचा, कोणी परळच्या चाळीतला. मामंजी सकाळी दूध आणायला जात आणि दुपारी तीन जिल्हे करून परत येत. दूध तोवर नासलेलं असायचं. मी चिडायचे. हे म्हणायचे, "जाऊ दे गं, म्हातारं माणूस आहे." म्हणणाऱ्याला काय, दूध मला तापवायला लागायचं.

सोसायटीत आमचं महिला मंडळ होतं आणि मी त्याची चिटणीस. दर जानेवारीत आम्ही एका कर्तबगार बाईचा सत्कार करायचो. पहिल्या वर्षी डॉक्टरीणबाई झाल्या. दुसऱ्या वर्षी अध्यक्षा जयमालाबाईंनी स्वतःच्या नणंदेला कर्तबगार ठरवलं. तिसऱ्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, मी हट्टाने नाव सुचवलं ते पुतळाबाईंचं.

आमच्या सेक्टरमागचा नाला ओलांडला की जुनं खाडीकाठचं गाव लागायचं. पुतळाबाई तिथल्या धवलारीण. त्या गावांत पूर्वापार लग्न लागायचं ते धवलारणीच्या गाण्यावर, तिने धवळा म्हटल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत. त्यांचं लहानपण मात्र गावात गेलं नव्हतं. युद्धाच्या वर्षांत, त्या नऊ वर्षांच्या असताना, एक गोडबोल्या माणूस शिडाच्या मचव्यातून आला, नवा परकर दिला, मुंबईत बंगल्यात काम देतो म्हणाला आणि त्यांना घेऊन गेला. बंगला नव्हताच. जिथे पोरी विकतात तिथे त्याने विकलं. सोळाव्या वर्षी त्या पळून परत आल्या, तर वडिलांनी दार उघडलं नाही. आमची पोर मेली, म्हणाले. सुंदराबाई नावाच्या म्हाताऱ्या धवलारणीने त्यांना घरात घेतलं आणि गाणी शिकवली.

सुंदराबाईंच्या माघारी पुतळाबाईंनी स्वतःचा एक नियम काढला. धवळा गायच्या आधी त्या एकट्या उठून नवऱ्या मुलाच्या गावी जायच्या. चूल बघायच्या, शेजारणीशी बोलायच्या. जे घर दाखवणार नाहीत त्यांच्या लग्नात गाणार नाही, म्हणजे नाहीच. त्या नियमाने कितीतरी पोरी वाचल्या होत्या. धक्क्यावरून आणि एस. टी. स्टँडवरून परत आणलेली मुलं वेगळीच. पुढे पुढे आसपासच्या गावांत पोरगी दिसेनाशी झाली की लोक पोलिसांच्या आधी पुतळाबाईंकडे जायचे.

सत्काराचं विचारायला म्हणून मी त्यांना घरी चहाला बोलावलं. आदल्या रात्री मामंजींना निक्षून सांगितलं, "या बाईंना एक अक्षर विचारायचं नाही. त्यांचं आयुष्य वेगळं आहे. मूळ, गाव, आईवडील, काहीही नाही. त्यांना लागेल." मामंजींनी मान डोलावली. चहा होईपर्यंत ते बिचारे खुर्चीत बसून होते. तोंड उघडायचे, माझ्याकडे बघायचे, मिटायचे. चष्मा इतका पुसला की काच झिजेल असं वाटलं.

पुतळाबाईंनी बशीतून चहा पिता पिता त्यांच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "बाय, तुझा सासरा मुका हाय का?"

"नाही, थोडे कमी बोलतात," मी म्हणाले. मामंजींनी इतक्या दुःखी नजरेने माझ्याकडे बघितलं की मला स्वयंपाकघरात जावं लागलं.

परत आले तर बाईंनी सरळ व्यवहाराला हात घातला. "सत्कार म्हंजे काय करता?"

"शाल, नारळ, थोडी भाषणं."

"मानसां येतील?"

"दोनशे तरी."

"पोलीस येल?"

"पोलीस कशाला?"

"पावना म्हनून. खुर्चीवर बसाला."

मला वाटलं, हौस दिसते आहे बाईंना. खरं सांगते, जरा मनातून उतरल्याच. पण पुढचं ऐकलं आणि माझा चहा हातातच राहिला.

त्यांच्या गल्लीतल्या हिरामणच्या मुलीचं, मीनाचं, पुढच्या रविवारी लग्न होतं. मुलगी तेरा वर्षांची. मिठागरं गेली, जमीन गेली, हिरामण घरी बसलेला. त्यात हे स्थळ आपण होऊन चालत आलं. खर्च सगळा मुलाकडचा. हुंडा नको, मानपान नको. "आनि घर बघाला येऊ नका, लांब हाय, बोल्ले," पुतळाबाई म्हणाल्या. "मानपान नको बोलनारी वऱ्हाडी मी जल्मात बघली नाय. ही मानसां चांगली नाय, घाईन हायत. मी नाय गात बोल्ली, त त्यांनी पनवेलचा भटजी आनला. पोलिसान गेली, त फौजदार बोल्ला, बाप राजी हाय, तुझी तक्रार काय?"

"मग?"

"मंग तुमचा सत्कार. त्याच दिवशी, त्याच मांडवान. लगीन गोरजावर, तुमचा त्याचे आधी. फौजदार चौकशीला येत नाय, पन पावना म्हनून येल. तो समोर बसला का मी उठन आनि धवल्यान एकेकाला इचारीन. तुझी आय कोन, तुझा कुलदेव कोन. सगल्यांचे देखत."

हिरामणला त्यांनी आधीच पटवलं होतं. आपल्या मांडवात फौजदार पाहुणा, म्हणून तो फुगला होता. मंडळाची मात्र मला धास्ती होती, कारण जयमालाबाईंना नाल्यापलीकडच्या गावात जायचं म्हणजे परदेशी जायचं वाटायचं. पण मंडप फुकट मिळतो आहे हे कळल्यावर त्यांना अचानक ग्रामीण भगिनींची कळकळ दाटून आली.

सत्कारमूर्तींचा परिचय करून द्यायचं काम मामंजींकडे आलं. दुसरं कोणी तयार नव्हतं. माहिती मी दिलेली, अर्ध्या पानाची. मामंजींनी तिला विशेषणं लावून फुलस्केप कागदांचा गठ्ठा केला. मी तो चाळला आणि मला घाम फुटला. पहिली तीन पानं स्त्रीजातीच्या सोशिकतेवर होती, पुतळाबाई चौथ्या पानावर जन्मत होत्या. मी एक चिठ्ठी तयार करून पर्समध्ये ठेवली. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "आटपा."

रविवारी आम्ही सगळ्या जणी नाला ओलांडून गेलो. मांडव छान होता, झेंडूच्या माळा, कर्णा लावलेला. पुढच्या रांगेत मुंडावळ्या बांधलेला नवरा मुलगा, चांगला तिशीचा घोडा. त्याच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला मामा. मांडवाबाहेर त्यांची मॅटाडोर, तोंड रस्त्याकडे करून उभी. मीना आईजवळ बसली होती. शालू तिच्यापेक्षा मोठा, हात पदरात सापडत नव्हते. समोर माईकवाला तारा जोडत होता आणि ती ते कुतूहलाने बघत होती. आपलं लग्न आहे की शाळेचं गॅदरिंग, हे तिला नीटसं ठाऊक नसावं.

चार वाजता निरोप आला. मंत्र्यांच्या बंदोबस्तामुळे फौजदारसाहेब येऊ शकत नाहीत, कार्यक्रमास शुभेच्छा.

पुतळाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. निरोप ऐकून त्यांचा चेहरा मातीसारखा झाला. तरी त्या उठल्या आणि हिरामणजवळ जाऊन म्हणाल्या, "दोन धवले गाते." त्याच्याआधी काकाच बोलला, "गानंबिनं काय नको, मावशी. भटजी आहेत ना. तुम्ही शाल घ्या आनि गप बसा." हिरामणनेही मान खाली घातली. मग काका माझ्याकडे आला. "ताई, तुमचं पाच मिनटांत आटपून टाका. आमचा मुहूर्त आहे, पुढे लांब जायचंय."

पुतळाबाई परत येऊन बसल्या. "गेली पोर," त्या मला म्हणाल्या. एवढंच.

आणि कार्यक्रम सुरू झाला. स्वागतगीत झालं, त्यात पेटी एका सुरात, बायका दुसऱ्या. जयमालाबाईंचं प्रास्ताविक झालं. त्यात त्यांच्या नणंदेचा दोनदा उल्लेख आला. काका सारखा घड्याळ बघत होता. भटजीबुवांनी अंतरपाट झटकून तयार ठेवला. मग मामंजी गठ्ठा घेऊन माईकपाशी गेले. आठवडाभर तोंडाला कुलूप घातलेला माणूस, समोर दोनशे माणसं आणि हातात माईक. मी पर्समधली चिठ्ठी चाचपली.

मामंजींनी चष्मा पुसला. गठ्ठ्याचं पहिलं पान उचललं आणि त्यांची नजर पुढच्या रांगेवर गेली. तिथे तीन अनोळखी माणसं बसली होती. मामंजींच्या डोळ्यांतली ती चमक माझ्या ओळखीची होती. सिलिंडरवाला दिसला की यायची, तीच.

"सत्कारमूर्तींकडे वळण्यापूर्वी," मामंजी म्हणाले, "आज दुग्धशर्करा योग आहे. मंगलकार्यही आहे. नवरदेवांचा परिचय करून न देणं बरं दिसणार नाही. काय नाव आपलं?"

नवऱ्याने काकाकडे बघितलं. काका म्हणाला, "नंदकुमार."

"छान. आपण मूळचे कुठले?"

मी चिठ्ठी घेऊन उठलेच होते. मागून माझा पदर ओढला गेला. पुतळाबाईंनी तो मुठीत घट्ट धरला होता. त्या मामंजींकडे अशा बघत होत्या की जणू मांडवात फौजदार नाही, सगळी पोलीस चौकी आली आहे.

"राहू दे, बाय," त्या म्हणाल्या. "इचारू दे त्याना."

"नाशिकच्या पलीकडे," काकाने सांगितलं.

"पलीकडे म्हणजे? नाशिकच्या पलीकडे पुष्कळ आहे," मामंजी प्रेमाने म्हणाले. लोक हसले. काकाने एका गावाचं नाव घेतलं. "वा. शेती की नोकरी?"

"शेती," काका म्हणाला. "कापडाचं दुकान," मामा म्हणाला. दोघे एकदमच बोलले.

"म्हणजे दोन्ही. उत्तम," मामंजींनी दोन्ही लिहून घेतलं. खरोखर लिहून घेतलं, त्या गठ्ठ्याच्या कोऱ्या पाठीवर. त्यांच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. परिचय बिनचूक व्हावा, एवढीच तळमळ. "आणि मातोश्री कुठे बसल्या आहेत? त्यांनाही इकडे बोलावू."

"ती वारली. चार वर्सं झाली," काका म्हणाला.

"अरेरे. आणि मामासाहेब, आपण मातोश्रींचे सख्खे बंधू का?"

मामाचं लक्ष मॅटाडोरकडे होतं. तो दचकून म्हणाला, "हो, हो, सख्खा. ताईचा गुडघा धरलाय, म्हणून ती येऊ शकली नाय."

मांडवात एक हसू फुटलं. आधी पोरींमध्ये, मग बायकांत, मग सगळीकडे. मामंजी मात्र हसले नाहीत. ते गोंधळले होते.

"नाही, म्हणजे नक्की काय ते सांगा. परिचयात चुकीचं जायला नको. दुकानाचं एक वेळ चालेल, पण आईच्या बाबतीत घोळ बरा नाही." ते थेट नवऱ्याकडे वळले. "नंदकुमार, बाळा, तूच सांग. आईचं नाव काय तुझ्या?"

त्याने परत काकाकडे बघितलं.

हसू तिथेच थांबलं. नाव विसरणं वेगळं, घाबरणं वेगळं. पण स्वतःच्या आईचं नाव दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून शोधणारा माणूस त्या मांडवातल्या एकाही बाईने बघितला नव्हता. कर्ण्यातून नुसती घरघर ऐकू येत होती.

मीनाची आई शेवंताबाई उठली. तोवर ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. तिने मीनाच्या कपाळावरच्या मुंडावळ्या सोडल्या, हिरामणच्या मांडीवर टाकल्या आणि पोरीचा हात धरून घरात गेली. दाराची कडी लावल्याचा आवाज माईकमध्ये आला.

"आमी जरा बाहेर जाऊन येतो," काका म्हणाला. तिघेही उठले. भटजीबुवा अंतरपाट धरून बघत राहिले.

"अवश्य. पाहुणे आले की आपण आजोळापासून पुढे घेऊ," मामंजींनी माईकवर जाहीर केलं आणि तेवढ्यात मॅटाडोर चालू झाल्याचा आवाज आला. गावातली तरणी पोरं मागे धावली, पण नाल्याच्या पुलावरून ती गाडी जी गेली ती गेली.

हिरामण मुंडावळ्या हातात घेऊन बसून होता. मग एकदम लहान मुलासारखा रडायला लागला. पुतळाबाईंनी जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तशाच माईकपाशी आल्या. परिचय व्हायचाच होता, शाल घडीतच होती, कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं भाषण शेवटी होतं. जयमालाबाई पत्रिका उंच धरून मला खुणा करत होत्या. मी दुसरीकडे बघितलं.

"मना भाषन येत नाय," पुतळाबाई म्हणाल्या. "मना न्हेली त्या दिवशी मी मचव्यान बसली, मंग बसमधी, मंग रेल्वेन. दोन दिस. समोर मानसां होती. चांगली मानसां. एक बायनी मना खावाला केला दिला. मी रडत होती, त ती बोल्ली, रडू नको. पन तुना न्हेतो तो कोन, ह्या तिनी इचारला नाय. कोनीच इचारला नाय. सगल्यांना वाटला, आपुन कशाला." त्यांनी मामंजींकडे बोट केलं. "हा गुरुजी तवा त्या गाडीन असता, त मी सांजचे घरा असती."

मामंजींनी मान खाली घातली. मला हुंदका आला आणि रागही आला, स्वतःचाच, त्या नासलेल्या दुधाच्या पातेल्याचा, सगळ्याचाच.

"ती मानसां आज पलाली, उद्या दुसऱ्या गावान जातील," त्या पुढे म्हणाल्या. "मना शाल नको. तुमचा हा म्हातारा द्या. सकालचे एस्टी स्टँडवर बसवते. पोर घेऊन कोनी उतरला, एस्टीन चरला, का हा इचारेल."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मामंजींचा चेहरा असा उजळला की त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही मी तो तसा पाहिला नव्हता. जयमालाबाईंनी मात्र घडी मोडलीच आणि शाल पुढे केली, कारण शाल आणलेली होती. ती घालायची मामंजींच्या हस्ते असं ऐन वेळी ठरलं.

मामंजींनी शाल हातात घेतली. गठ्ठ्याकडे बघितलं, मग तो खुर्चीवर ठेवून दिला. माझ्याकडे बघितलं. आठवडाभर अडवून ठेवलेली परवानगी मागत होते. मी मान हलवली.

"पुतळाबाई," ते म्हणाले, "आपण मूळच्या कुठल्या?"

सगळं गाव ओळखत होतं त्यांना. त्यांनी गावात घरोघरी लग्नं लावली होती. सख्ख्या भावाच्या, गोटीरामच्या मुलीच्या लग्नातही त्या गायल्या होत्या, पण बाहेरची धवलारीण म्हणून. उंबऱ्याबाहेर लुगडं-नारळ घेतला आणि गेल्या. सोळाव्या वर्षी परत आल्यापासून हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. मीही, त्यांना लागेल म्हणून, विचारू दिला नव्हता.

पुतळाबाई माईकच्या जवळ गेल्या.

"याच गावची," त्या म्हणाल्या. "वामनची पोर."

मागच्या रांगेतून एक पांढऱ्या मिशांचा माणूस खांबाला धरून उठला. तो गोटीराम होता. "वामनचीच," तो म्हणाला. मग खांब सोडून पुढे आला. "माझी मोठी भैन."

मामंजींचं समाधान झालं. त्यांनी शाल नीट बाईंच्या खांद्यावर टाकली आणि सवयीने पुढचा प्रश्न विचारला, "अच्छा, गोटीरामांच्या भगिनी. आणि सासर?"

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण पुतळाबाई हसल्या. मोठ्याने, पदर तोंडाला न लावता. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"सासर नको, गुरुजी," त्या म्हणाल्या. "माहेर गावला, तवरा बास."

कार्यक्रमपत्रिकेत शेवटी आभारप्रदर्शन होतं आणि ते माझ्याकडे होतं. मी माईकपुढे उभी राहिले, हातातल्या चिठ्ठीवर "आटपा" लिहिलेलं होतं, ते वाचलं आणि जागेवर परत येऊन बसले. आमच्या मंडळाचा तो एकच कार्यक्रम आभार न मानता संपला.